बावरीचा आश्रम आणि वाचकाचा नकाशा

यवतमाळ जिल्ह्यातील उपासक धर्मानंद कोसंबींचा मराठी सुत्तनिपात वाचू लागला, की पारायनवग्गाच्या आरंभीच्या वत्थुगाथांपाशी त्याचे मन गुंतते. गोदावरीतीरी, अस्सक देशात बावरी नावाचा ब्राह्मण राहत होता, असे तेथे सांगितले आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील पैनगंगेचे पाणी वर्धा व प्राणहिता यांच्या वाटेने गोदावरीतच जाते. अस्सकांची राजधानी म्हणजे आजचे तेलंगणातील बोधन, असे अनेक अभ्यासक मानतात. उमरखेड व बोधन यांच्यामध्ये केवळ नांदेड जिल्हा आहे. मग वाचक आपला तालुका शोधू लागतो.

तो सापडत नाही. बावरीचे सोळा शिष्य पतिट्ठानाहून, म्हणजे पैठणहून, माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा, कोसंबी, सावत्थी असे उत्तरेस गेले. वऱ्हाड त्यांच्या उजव्या हातास राहिले. शिवाय चूळनिद्देस ही प्राचीन टीका शिष्यांच्या प्रश्नांवर भाष्य करते, वत्थुगाथांवर करीत नाही. त्यामुळे ही प्रस्तावना मागाहून जोडली गेली असावी, असे मत मांडले गेले आहे. ज्यांचा इतिहास पुसला गेला त्यांनी आपल्या मातीत त्याच्या खुणा शोधाव्यात, यात गैर काहीच नाही. परंतु त्या शोधात पुढची पाने घाईने उलटली जातात.

कथा आहे ती भयाची. बावरीने महायज्ञ करून सर्वस्व दान केले. मागाहून आलेल्या एका ब्राह्मणाने पाचशे मागितले आणि ते न मिळताच, सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाचे सात तुकडे होतील, असा शाप दिला. 120 वर्षांचा, वेदपारंगत गुरू अन्न सोडून झुरू लागला! शिष्य मगधात बुद्धांपाशी पोहोचले ते याच प्रश्नासाठी. भगवंतांनी सांगितले की अविद्या हेच मस्तक. आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, छंद व वीर्य यांनी युक्त अशी विद्या ते फोडते. शापाचे प्रकरण तेथेच मिटले.

यानंतर कोणीही शिष्य मस्तकाविषयी विचारीत नाही. अजित विचारतो, हे जग कशाने झाकलेले आहे? पुण्णकाचा प्रश्न तर थेट गुरूच्या अंगणातला आहे: यज्ञ करणारे जन्म-जरा तरून गेले काय? बुद्धांचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. लाभाच्या आशेने ते हवन करीत राहिले, तरले नाहीत. नुकताच महायज्ञ उरकलेल्या आचार्याच्या शिष्याने हे विचारावे आणि ऐकावे, ही दक्षिणापथाच्या धार्मिक इतिहासातील केवढी मोठी नोंद आहे! पैठणच्या उल्लेखापुढे तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

शेवटी वृद्ध पिंगिय बावरीला हा वृत्तान्त सांगतो. देह थकल्याने आपण तेथे जाऊ शकत नाही, मन मात्र बुद्धांपासून क्षणभरही दूर नसते, असे तो म्हणतो. त्याच्या कथनात वाटेतील एकाही नगरीचे नाव नाही.