मोबाइलमधील ‘पाहणारी’ चिप आणि कपाशीचे शिवार

छायाचित्र काढणे आणि त्या छायाचित्रात काय आहे हे ओळखणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले काम मोबाइल फोन वीस वर्षांहून अधिक काळ करीत आले आहेत. दुसरे काम त्यांना सफाईने साधू लागले ते गेल्या दशकात. त्यामागे अत्यल्प विजेवर चालणारे एक विशेष इलेक्ट्रॉनिक मंडल आहे. ‘व्हिजन प्रोसेसर’ किंवा ‘न्यूरल प्रोसेसर’ या नावांनी ते ओळखले जाते. शहरातील ग्राहकाला त्याचा परिचय असतो तो चेहरा पाहून उघडणाऱ्या फोनमुळे किंवा रात्रीच्या उजळ छायाचित्रांमुळे. मात्र नांदेड जिल्ह्यातील कंधारसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यात प्रश्न वेगळा आहे. मोबाइलची रेंज नसलेल्या शिवारात उभे राहून, फवारणी करावी की नाही, हे फोन जागेवरच सांगू शकेल काय?

नेहमीची चिप का पुरत नाही?

संगणकाच्या लेखी छायाचित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता असतो. त्यातील वस्तू ओळखण्यासाठी या आकड्यांचे प्रचंड संख्येने गुणाकार आणि बेरजा कराव्या लागतात. ‘व्हीजीजी-१६’ या २०१४ मधील प्रसिद्ध प्रणालीला एका लहान छायाचित्रासाठी सुमारे दीड हजार कोटी गुणाकार लागत. फोनसाठी म्हणून गुगलने २०१७ मध्ये मांडलेल्या ‘मोबाइलनेट’ने हे काम सुमारे ५७ कोटी गुणाकारांवर आणले. फोनचा मुख्य प्रोसेसर हेही काम करू शकतो. पण त्यात बॅटरी लवकर उतरते आणि फोन तापतो. हातात धरायच्या या यंत्रात पंखा नसतो, त्यामुळे काही वॅटपेक्षा अधिक उष्णता त्याला फार वेळ सोसत नाही.

खरा खर्च आकडेमोडीचा नसून आकड्यांच्या ने-आणीचा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्रा. मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानासाठी मांडलेल्या हिशेबानुसार ८ बिटांच्या गुणाकाराला सुमारे ०.२ पिकोज्यूल ऊर्जा लागते. तोच ३२ बिटांचा एक आकडा बाहेरील मेमरीतून आणायला मात्र सुमारे ६४० पिकोज्यूल खर्ची पडतात. विहिरीवरून दर वेळी एकेक तांब्या पाणी आणण्यापेक्षा घरात रांजण भरून ठेवावा, तसा उपाय या चिपमध्ये योजलेला असतो. मेमरी गणनेच्या अगदी शेजारी ठेवली जाते, एकदा आणलेला आकडा पुन्हा पुन्हा वापरला जातो आणि शेकडो छोटे गुणक एकाच वेळी काम करतात. शिवाय ३२ बिटांच्या सूक्ष्म आकड्यांऐवजी ८ बिटांचे ढोबळ आकडे वापरले, तरी ओळखण्याच्या अचूकतेत सहसा फारसा फरक पडत नाही.

डब्लिन ते खिशातील फोन

या क्षेत्रातील आरंभीचे ठळक नाव म्हणजे आयर्लंडमधील डब्लिन येथे २००५ मध्ये स्थापन झालेली ‘मोविडियस’ ही कंपनी. तिची ‘मिरियाड’ चिप गुगलच्या २०१४ मधील ‘टँगो’ प्रकल्पात वापरली गेली. बारा समांतर प्रोसेसर असलेली ‘मिरियाड-२’ सुमारे एका वॅटमध्ये काम करी. २०१६ मध्ये ‘डीजेआय’च्या ‘फँटम-४’ या ड्रोनला अडथळे ओळखता आले ते तिच्याच बळावर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंटेलने ही कंपनी विकत घेण्याची घोषणा केली.

२०१७ हे वर्ष निर्णायक ठरले. हुआवेने ‘किरिन ९७०’ आणि ॲपलने ‘ए-११’ या चिपमध्ये हा विभाग मुख्य चिपच्या पोटातच बसविला. ॲपलच्या विभागाची क्षमता सेकंदाला ६०० अब्ज क्रियांची होती. गुगलच्या ‘पिक्सेल-२’ फोनमध्ये इंटेलच्या साहाय्याने बनविलेली स्वतंत्र चिप होती. छायाचित्र सुधारण्याचे काम ती पाचपट वेगाने आणि मुख्य प्रोसेसरच्या एक-दशांशाहून कमी ऊर्जेत करते, असे गुगलने जाहीर केले होते.

बोंडअळीशी संबंध कसा?

‘नांदेड ४४’ या नावाने परिचित असलेले कपाशीचे संकरित वाण नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्राने दिले. त्यामुळे या जिल्ह्याला कापूस नवा नाही. नवे आहे ते गुलाबी बोंडअळीचे संकट. बीटी कापसाला न जुमानणाऱ्या या किडीने २०१७ च्या हंगामात राज्यात मोठे नुकसान केले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी गेला. वेळेवर फवारणी न होणे आणि नको तेव्हा फवारणी होणे, या दोन्हींची किंमत शेतकऱ्याच मोजतो.

अंड्यातून बाहेर पडताच अळी बोंडात शिरते. ती तेथे दिसत नाही आणि फवारणीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कामगंध सापळ्यात अडकलेले नर पतंग मोजले जातात. सलग तीन दिवस प्रति सापळा आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानले जाते. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘वाधवानी एआय’ या संस्थेने नेमकी हीच मोजणी फोनवर सोपविली. सापळ्यातील पतंग कागदावर पसरून छायाचित्र काढायचे. अॅप ते मोजते आणि फवारणीबाबत सल्ला देते.

साध्या फोनचे काय?

येथेच या तंत्रज्ञानाची विषमता दिसते. वेगवान ‘पाहणारी’ चिप प्रथम महागड्या फोनमध्ये येते; शेतकऱ्याच्या हाती बहुधा स्वस्त फोन असतो. छायाचित्र दूरच्या सर्व्हरला पाठवावे, तर रेंज हवी. म्हणून वाधवानी एआयच्या अभियंत्यांनी प्रणालीच आक्रसून इतकी लहान केली, की ती साध्या फोनवर इंटरनेटविना चालावी. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीतही छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे.

चिपच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तिला शिकविलेल्या किडीच तिला ओळखता येतात. अंधूक भिंग, एकमेकांवर पडलेले पतंग किंवा वेळेवर न बदललेली सापळ्यातील गोळी यांमुळे मोजणी फसू शकते. बोंडाच्या आत तर तिला मुळीच पाहता येत नाही. त्यामुळे काही बोंडे फोडून पाहण्याचा कृषी विभागाचा जुना सल्ला आजही कायम आहे. सापळे लावणे आणि ते नियमित तपासणे हे काम शेतकऱ्यालाच करावे लागते. फोन त्यात भर घालतो ती बिनचूक मोजणीची, आणि तीही रेंज नसलेल्या बांधावर.