स्ट्रेची, सर आर्थर
(१८५८–१९०१). ब्रिटिश न्यायाधीश. भारतातील ज्येष्ठ सनदी अधिकारी सर जॉन स्ट्रेची यांचे पुत्र. इंग्लंडात बॅरिस्टर झाल्यावर त्यांनी अलाहाबादेस वकिली केली. १८९५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

त्यांचे नाव महाराष्ट्रात राहिले ते एकाच खटल्यामुळे. बाळ गंगाधर टिळकांवर ‘केसरी’तील लेखनाबद्दल सप्टेंबर १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला त्यांच्यापुढे चालला. कलम १२४ अ मधील ‘अप्रीती’ म्हणजे केवळ सरकारविषयी प्रीतीचा अभाव, असा अर्थ त्यांनी ज्यूरीला सांगितला. हा अर्थ अन्यायकारकच होता. कारण त्याने कडक टीकाही गुन्ह्याच्या कक्षेत येत होती. सहा युरोपीय ज्यूरर टिळकांना दोषी म्हणाले, तर तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष ठरवले. बहुमत स्वीकारून स्ट्रेचींनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली. १८९८ मध्ये सरकारने कलमात दुरुस्ती करून ‘अप्रीती’त राजनिष्ठेचा अभाव आणि वैरभाव यांचा स्पष्ट समावेश केला. त्याच वर्षी सप्टेंबरात टिळक मुदतीपूर्वी सुटले.

स्ट्रेची पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्या पदावर असतानाच १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले.