डचेसचे घराणे

घराण्याचे नाव ऐकून मी एकदा एक खिलार कालवड विकत आणली. दिसायला देखणी, पण ती कधी गाभण राहिली नाही. आमचा गडी म्हणाला, “मास्तर, नाव दावणीला बांधून काय उपयोग?” पुढे इंग्लंडातील गुरांचा इतिहास वाचताना ते वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवले.

तिकडे गुरे मांसासाठीही पाळतात. अठराव्या शतकात शहरे वाढली, मांसाची मागणी वाढली. लीस्टरशायरमधील डिशलीच्या रॉबर्ट बेकवेलने गायी व वळू वेगळे ठेवले आणि कोणती जोडी लावायची हे स्वतः ठरवले. हवे ते गुण पक्के व्हावेत म्हणून तो जवळच्या नात्यातही जोड्या लावी. त्याची लांबशिंगी गुरे लवकर चरबी धरू लागली. दूध मात्र घटले.

डरहॅमच्या चार्ल्स कॉलिंगने आखूडशिंगी गुरांत हीच वाट धरली. त्याच्या ‘कॉमेट’ वळूचा बाप आणि त्याच्या आईचा बाप एकच! १८१० साली तो लिलावात १,००० गिनींना गेला. १८२२ मध्ये जॉर्ज कोट्सने या जातीची वंशावळ छापली आणि गुरांनाही कुलीनता लाभली.

कॉलिंगच्याच गोठ्यातून टॉमस बेट्सने ‘डचेस’ घराणे उभे केले. नात्यातल्या नात्यात पैदास करता करता गायींची फलनशक्ती घटू लागली. बेट्स हट्टी खरा, पण डोळस; १८३१ मध्ये त्याने ‘बेल्व्हेडिअर’ हा वळू बाहेरून आणला. १८४९ मध्ये बेट्स वारला. मागे नाव राहिले आणि नावाचा बाजार राहिला. १८७३ मध्ये न्यू यॉर्क मिल्स येथील लिलावात इंग्रज आणि अमेरिकन गिऱ्हाइकांची चुरस लागली. या घराण्यातली एक गाय ४०,६०० डॉलरांना गेली!

असे का व्हावे? जवळच्या नात्यात गुण पक्के होतात, तसे दडलेले दोषही दोन्हीकडून येऊन उघडे पडतात. आनुवंशिकतेचे मेंडेलचे नियम १८६६ मध्ये छापले गेले खरे, पण १९०० पर्यंत जगाने त्यांची दखल घेतली नाही.

आज शहाणा पशुपालक वंशावळ ठेवतोच. पण गाय वेळेवर विते की नाही, वासराचे जन्मतानाचे आणि दूध तोडतानाचे वजन किती, हेही लिहितो. लेकी वयात येण्याआधी वळू बदलतो.

माझी कालवड गोठ्यात म्हातारी झाली. तिच्या आईला किती वेते झाली, एवढे मी त्या दिवशी विचारायला हवे होते.