प्याला आणि तोटीचे भांडे

ग्रीकांचे मातीचे रंगीत प्याले जगभर नावाजलेले आहेत. इसवी सनापूर्वी ५४०-५३० च्या सुमाराचा एक्झेकियास या कुंभाराचा प्याला म्युनिकला आहे. द्राक्षारस संपत आला की तळाशी शिडाच्या नावेत पहुडलेला मद्यदेव डायोनिसस आणि भोवती डॉल्फिन मासे दिसू लागत. प्याल्यावर कुंभाराने आपले नावही लिहून ठेवले आहे!

इतिहास शिकवताना मुले विचारायची, "सर, आपल्याकडे असं काही नव्हतं का?" होते की! आणि तेही एक्झेकियासच्या निदान साडेचारशे वर्षे आधी.

आमच्या बजाजनगरहून नगरच्या रस्त्याने गोदावरी ओलांडली की पुढे नेवासे. ज्ञानेश्वरीचे गाव म्हणून आपण तिथे हात जोडतो. पण तिथेच प्रवरेकाठच्या टेकाडावर १९५४ ते ५६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले. त्याआधी १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळच्या जोर्वे गावी जी भांडी सापडली होती, तशीच इथेही निघाली. म्हणून या संस्कृतीला जोर्वे हे नाव. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००.

चाकावर घडवलेली, तांबडी, छान भाजलेली ही भांडी. टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. त्यावर काळ्या रंगात जाळी, शिड्या, चौकटी. देव नाहीत, वीर नाहीत, आणि लिपीच नव्हती तेव्हा सहीही नाही. कंगोरेदार वाडगा आणि तोटीचे भांडे ही यांची खास ओळख.

पण मंडळी, मला थांबवते ती वेगळीच गोष्ट. नेवासे आणि पुणे जिल्ह्यातले इनामगाव इथे घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. दोन घडे तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत लेकरू. आणि सोबत बऱ्याचदा तोच वाडगा, तेच तोटीचे भांडे.

पुढे इनामगावात पाऊसमान घटले. चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, भांड्यांवरची नक्षी ओसरली. लेकराला घराखाली, आपल्याजवळ ठेवायची रीत मात्र सुटली नाही.

ग्रीक प्याला मैफलीची गोष्ट सांगतो. आमचे भांडे, मला वाटते, एका आईची सांगते. वाटेत बाळाला तहान लागली तर? तिचे नाव कुठेच लिहिलेले नाही. पण तीन हजार वर्षांनंतरही तिची काळजी कळते, याहून मोठी सही ती कोणती?

पुण्याला गेलात तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात ही भांडी जरूर पाहा. नातवंडांना सोबत न्या.