तळटीप १२ : स्लालम

१२. स्लालम : मूळ नॉर्वेजियन शब्द, अर्थ साधारण ‘उतारावरची वाट’. बर्फावर रोवलेल्या काठ्यांमधून वळणे घेत उतरण्याची स्कीइंगची शर्यत. येथे मात्र बर्फाचा संबंध नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये हायडेलबर्ग (पश्चिम जर्मनी) येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये मुरलीकांत पेटकर उतरले ती व्हीलचेअर स्लालम, म्हणजे खुणेच्या काठ्या व अडथळे यांतून चाकाची खुर्ची वेळेशी झुंजत नेण्याची शर्यत. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले जवान. हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. या तेजापुढे त्यांची स्लालम विसरली जाते, म्हणून ही नोंद मुद्दाम सविस्तर. केवळ शब्दावरून त्यांना हिवाळी खेळाडू समजू नये : पहिले हिवाळी पॅरालिम्पिक त्यानंतर चार वर्षांनी, फेब्रुवारी १९७६ मध्ये स्वीडनमधील अर्नशोल्ड्सविक येथे भरले. त्यातील स्कीइंग अवयव गमावलेल्या व दृष्टिहीन खेळाडूंसाठी होते. २०२२ च्या बीजिंगपर्यंतच्या एकाही हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये भारताचा खेळाडू नव्हता. — संपा.