कल्याणचे आरमार आणि सुताराची हत्यारे

१६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली व पुढे तेथील खाडीकाठी आरमाराची उभारणी सुरू झाली. या कामावर रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कसबी होता. १६५९च्या सुमारास वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून तो आपल्या माणसांसह काम सोडून गेला. तरीही आरमार उभे राहिलेच. करवत, वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट चालवणारे हात कोकणात होते.

आज ठाणे-डोंबिवलीत सुतारकामाचे छोटे दुकान थाटू पाहणाऱ्या आपल्या तरुणांना आम्ही सुचवू: आधी हीच हत्यारे चांगल्या पोलादाची घ्यावीत व धारेचा दगड विसरू नये. खाडीच्या दमट हवेत लोखंड गंजते, म्हणून बिजागऱ्या व स्क्रू पितळी घ्यावेत. यंत्रे मागाहून येतील. उस्ताद गेला तरी काम अडू नये, एवढी विद्या हातात हवी.