कारक अध्ययन : हाताच्या हालचाली आणि पक्षाघातानंतरचे पुनर्वसन

सराव आणि चुकांची दुरुस्ती यांतून हालचालींत होणाऱ्या टिकाऊ बदलाला कारक अध्ययन म्हणतात. लिहिणे, पोळी लाटणे, तबला वाजवणे ही कौशल्ये अशीच अंगवळणी पडतात. पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा कामाला लावण्याची भिस्तही बरीचशी याच क्षमतेवर असते.

रेझा शादमेहर आणि फर्डिनांडो मुस्सा-इवाल्दी यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात पायाभूत मानला जातो. यांत्रिक बाहूची मूठ धरून हात एका लक्ष्याकडे न्यायचा आणि यंत्राने हाताच्या वेगानुसार बदलणारा रेटा द्यायचा, अशी योजना होती. आरंभी हाताचा मार्ग वाकडा होई. सराव वाढला तसा तो पुन्हा सरळ झाला. मग रेटा अचानक काढून घेतला, तेव्हा हात उलट बाजूला भरकटला. मेंदू नुसते स्नायू ताठ करून यंत्राशी झुंजत नव्हता, तर येणाऱ्या रेट्याचा अंदाज बांधून त्याला आधीच छेद देत होता, हे त्या भरकटण्यातून दिसले. अनुमस्तिष्काला इजा झालेल्यांना असे जुळवून घेणे अवघड जाते.

पक्षाघातानंतर पेल्याकडे हात नेताना कोपर पुरते उघडत नाही. मग खांदा वर चढतो, धड पुढे झुकते. पेला हाती येतो खरा, पण कोपर उघडण्याचा सराव राहून जातो. पुष्कळ रुग्ण तर धडधाकट हातानेच सगळे उरकतात. एडवर्ड टॉब यांनी माकडांवरील प्रयोगांतून याचे मर्म दाखवले: सुरुवातीच्या अपयशांमुळे हात न वापरणे हेही शिकले जाते. म्हणून त्यांनी चांगला हात अडकवून दुबळ्याला कामाला जुंपले. ही पद्धत रुग्णाची कसोटी पाहते, पण तिला भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतील 'एक्साइट' चाचणीत पक्षाघाताला 3 ते 9 महिने झालेले 222 जण होते. उपचार गटाने दोन आठवडे जागेपणी बहुतेक वेळ चांगल्या हातावर जाड हातमोजा घातला आणि रोज कित्येक तास सराव केला. 2006 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार फायदा वर्षभरानंतरही टिकून होता.

नेहमीच्या उपचारांतली खरी उणीव सरावाच्या मात्रेत आहे. कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये उपचारसत्रे मोजली, तेव्हा हाताने प्रत्यक्ष काम करण्याची आवर्तने सत्रामागे सरासरी 32 निघाली. प्रयोगशाळेतील प्राण्यांकडून तीच शेकड्यांनी करून घेतली जातात. रँडॉल्फ नूडो यांच्या 1996 मधील प्रयोगात अशा सरावाने माकडांच्या मेंदूतील इजेनंतर उरलेले हाताचे क्षेत्र शाबूत राहिले. सराव नसेल तर ते आक्रसत असे.

आवर्तने वाढवायला यंत्रमानव आले. ब्रिटनमधील 770 रुग्णांच्या 'रॅटल्स' चाचणीत (2019) यंत्राच्या मदतीने हालचाल थोडी सुधारली, पण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताची कार्यक्षमता वाढली नाही. नुसती आवर्तने वाढवून भागत नाही, हे यावरून दिसते.

हातमोज्याच्या पद्धतीसाठी मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता यावी लागतात. ज्यांना तेवढेही जमत नाही, त्यांच्यासाठी आरशाचा उपचार वापरतात. विलयनूर रामचंद्रन यांनी तो मूळ कापलेल्या अवयवाच्या आभासी वेदनेसाठी योजला होता. 1999 पासून पक्षाघातातही तो आजमावला गेला. चांगल्या हाताचे प्रतिबिंब दुबळ्या हाताच्या जागी पाहत दोन्ही हात हलवायचे असतात. साधा आरसा पुरत असल्याने हा व्यायाम घरीही करता येतो.